मोटारीच्या मागच्या दाराची आंतली कळ

श्रोतेहो, कोणत्याहि दाराकडून मनुष्य दोन गोष्टींची अपेक्षा करतो. हवें तेव्हां तें उघडावें, आणि नको तेव्हां कदापि उघडूं नये. घराच्या दाराला कडी आणि अडसर लावतात ते एवढ्याचसाठीं. मोटारीच्या मागच्या दारालाहि हाच न्याय लागू आहे. त्या दारासाठीं चालकाच्या हाताशीं विजेची कळ बसवूं पाहणाऱ्यानें तो विसरतां कामा नये. आजचें माझें बोलणें या एका कळीपुरतें आहे.

ही कळ हवी कशाला, असें कोणी विचारील. आमचें आरोंदा गांव सावंतवाडी तालुक्यांत, तेरेखोलच्या खाडीकांठीं वसलें आहे. पूल ओलांडला कीं पलीकडे गोव्यांतील किरणपाणी. इकडे पाऊस मुसळधार आणि हवा खारट. चतुर्थीच्या बाजाराहून परततांना गृहस्थाच्या एका हातांत नारळांची पिशवी, दुसऱ्या हातांत माटवीचें सामान आणि मानेशीं कशीबशी धरलेली छत्री, असा थाट असतो. अशा वेळीं आंत बसलेल्या चालकानें बसल्या जागेवरून दार मोकळें केलें, तर ती सोय लहान नव्हे. शिवाय खारट हवेनें दाराच्या बाहेरील मुठीचे सांधे गंजतात आणि तेथील बटणांत पाणी शिरतें. मूठ रुसली म्हणजे सामान पुढच्या दारानें ओढून काढण्याची पाळी येते.

पूर्वीच्या अनेक गाड्यांत चालकाच्या आसनाशेजारीं एक दांडी असे. सायकलच्या ब्रेकला असते तशी तार तेथून मागच्या कुलुपापर्यंत जाई. दांडी ओढली कीं कुलूप सुटे. आतांच्या बहुतेक गाड्यांत कुलुपाशींच एक लहानशी विजेची मोटर असते. ती क्षणभर फिरते, कुलुपाचा आंकडा सुटतो आणि दार मोकळें होतें. तेव्हां प्रश्न एवढाच उरतो कीं, या मोटरीला आज्ञा कोणी आणि कोणत्या वाटेनें द्यावी.

येथें दोन मार्ग आहेत. पुष्कळ नव्या गाड्यांत बाहेरचें बटण मोटर स्वतः चालवीत नाहीं. तें गाडींतील नियंत्रक यंत्राला केवळ खूण करतें. गाडी कुलूपबंद आहे काय, ती चालूं आहे काय, हें पाहून यंत्र दार सोडतें किंवा नाकारतें. अशा गाडींत आंतली कळ बाहेरच्या बटणाला समांतर जोडावी. नवा नोकर जुन्या कारभाऱ्याला विचारूनच काम करतो, तसा हा प्रकार होय. कारभाऱ्याचा विवेक आपणांस फुकट मिळतो. मात्र गाडीच्या विद्युत्-नकाशावरून ती तार खात्रीनें ओळखली पाहिजे. अंदाजानें तारा सोलून पाहणें म्हणजे महागड्या यंत्राशीं जुगार खेळणें होय.

ज्या गाडींत असें यंत्र नाहीं, तेथें रिले नांवाचें साधन मध्यें घालावें लागतें. शाळेंत मुख्याध्यापक स्वतः टोल देत नाहींत. ते शिपायाला खूण करतात आणि शिपाई टोल देतो. रिले हा तो शिपाई. त्याच्या वेटोळ्याचा रोध सामान्यतः ८० ओहमच्या आसपास असतो. म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर आपल्या कळींतून जेमतेम ०.१५ अँपिअर प्रवाह जातो. कुलुपाच्या मोटरीचा जड प्रवाह रिलेच्या जाड संपर्कांतून जातो. रिलेच्या पायांवर आंकडे छापलेले असतात. ३० या पायाला बॅटरीकडील पुरवठा आणि ८७ पासून कुलुपाकडे जाणारी तार. ८५ व ८६ हीं वेटोळ्याचीं टोकें. कळ मात्र बोट उचलतांच परत येणारी, स्प्रिंगची हवी. दाबलेलीच राहणारी कळ कुलुपाची मोटर जाळून टाकील.

आतां दाराच्या दुसऱ्या धर्माकडे वळूं. आंबोलीचा घाट चढतांना एखाद्या मुलाचा हात त्या कळीवर पडला तर काय होईल? सामान रस्त्यावर सांडेल, हें तर झालेंच. त्याहून वाईट हें कीं, मागचें दार उघडें ठेवून गाडी धांवूं लागली म्हणजे मागील हवेबरोबर धुराड्यांतला धूर आंत ओढला जातो. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राणघातक आहे. म्हणून हातब्रेक ओढलेला असेल तरच वेटोळ्याचें मंडल पुरें व्हावें, अशी जोडणी जाणत्या कारागिराकडून करून घ्यावी. कळहि मुलांच्या हाताला सहज लागणार नाहीं अशा जागीं बसवावी.

तारांविषयीं तीन गोष्टी सांगतों. कामाला हात घालण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोक सोडवावें. पिवळ्या वेष्टणांतील तारांना स्पर्श करूं नये. त्या बहुधा अपघातांत फुगणाऱ्या हवेच्या पिशव्यांच्या असतात. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ घालावा, कुलुपाजवळ नव्हे. दार उघडतां मिटतां बिजागरीपाशीं तारा रोज वांकतात, आणि झिजून उघड्या पडतात त्याहि बहुधा तेथेंच. उघडी तार गाडीच्या पत्र्याला लागली, तर वाटेंत फ्यूज नसल्यास आग लागते. त्या जागीं मुळांत असलेल्या रबरी नळींतूनच नवी तार न्यावी. आमच्याकडील हवेंत सांधा नुसता पीळ देऊन चालत नाहीं. तो हिरवा पडतो. डाग देऊन वर उष्णतेनें आवळणारी नळी चढवावी.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. बॅटरी संपली कीं विजेची कळ मुकी होते. पुष्कळ गाड्यांत मागच्या दाराच्या आंतल्या बाजूस एक लहान छिद्र असतें. तेथून पेंचकस घालून कुलूप हातानें सोडवितां येतें. ती जागा घरांतील प्रत्येकानें एकदां डोळ्यांनीं पाहून ठेवावी, आणि नवी कळ बसवितांना ती झांकूं नये. बंद डिकीच्या गाड्यांत तर ही गोष्ट जीवनमरणाची आहे. १९९८ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत अवघ्या कांहीं आठवड्यांत ११ मुलें डिकींत अडकून दगावलीं. त्यानंतर तेथें नियम झाला कीं, १ सप्टेंबर २००१ पासून तयार होणाऱ्या बंद डिकीच्या गाड्यांत आंतून उघडण्याची सोय हवीच. म्हणून तेथील डिकींत अंधारांत चमकणारी मूठ दिसते. ती ओढायला बॅटरी लागत नाहीं, आणि लहान मुलालाहि ती ओळखतां येते.

तेव्हां, श्रोतेहो, काम पुरें झाल्यावर दोन परीक्षा अवश्य घ्या. हातब्रेक सोडून कळ दाबा. दार उघडतां कामा नये. मग बॅटरी सोडवून पेंचकसानें तें उघडून पाहा. तें उघडलेंच पाहिजे. या दोन्ही परीक्षांत जी जोडणी उतरेल, तिच्यावर घरच्या माणसांना घेऊन निर्धास्त प्रवास करावा.