समन्स आणि कैफियतीची मुदत

दिवाणी न्यायालयाचा बेलीफ दाराशीं उभा राहिला म्हणजे पुष्कळ सुशिक्षित घरांतूनहि "मालक घरीं नाहींत" असा निरोप बाहेर येतो. कागद हातीं घेतला नाहीं म्हणजे दावा पुढें सरकत नाहीं, ही समजूत जुनी आहे आणि फार घातक आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणें समन्स नाकारणाऱ्याच्या दर्शनी दारावर बेलीफ प्रत चिकटवूं शकतो, आणि न्यायालयाची खात्री पटली कीं बजावणी पुरी झाली असें ठरतें. मालक खरोखरच बाहेरगांवीं असेल व लवकर परतण्याचा संभव नसेल, तर घरांतील सज्ञान स्त्री वा पुरुषाच्या हातीं दिलेली प्रतहि चालते. गड्याच्या हातीं दिलेली मात्र चालत नाहीं. नोकर हा कुटुंबीय नव्हे, असा खुलासा कायद्यानें मुद्दाम केला आहे.

बजावणीपासून ३० दिवसांत प्रतिवादीनें आपली लेखी कैफियत दाखल करावयाची असते. समन्सावर हजर राहण्याची जी तारीख असते तीच कैफियतीची मुदत, असें धरून लोक निर्धास्त बसतात. ती तारीख दोन महिन्यांनंतरची असली तरी मुदत तिच्यासाठीं थांबत नाहीं. कारण सबळ असेल तर तें लेखी नोंदवून न्यायालय ९० दिवसांपर्यंत वाढ देऊं शकतें. ही ९० ची मर्यादा अगदींच अभेद्य नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं कैलास विरुद्ध नन्हकू या प्रकरणांत म्हटलें खरें. पण तो अपवाद, आणि त्यावर विसंबून घरीं बसणें म्हणजे जुगारच. २०१५ च्या कायद्याखालील वाणिज्यिक दाव्यांत तर १२० दिवस उलटले कीं कैफियत देण्याचा हक्कच बुडतो.

एकतर्फी हुकूमनामा झाल्यावर तो रद्द करून घेण्यासाठीं अर्ज करावयासहि ३० दिवसच मिळतात. समन्स रीतसर बजावलेंच नसेल, तर ते हुकूमनामा कळल्या दिवसापासून मोजतात. मात्र सुनावणीची तारीख प्रतिवादीस ठाऊक होती व उत्तर देण्यास अवधि होता असें दिसलें, तर केवळ बजावणींतील उणिवेवरून हुकूमनामा रद्द होत नाहीं. दाराआड लपलेल्या गृहस्थाचा बचाव येथें ढासळतो.

वकिलाच्या फीच्या धास्तीनेंहि कित्येक कैफियती राहून जातात. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें स्त्रियांना, उत्पन्न कितीहि असो, मोफत वकील मिळूं शकतो. त्यासाठीं तालुक्याच्या विधि सेवा समितीकडे करावयाचा अर्ज समन्स हातीं पडतांच करावा.