मुखलेप किती व केव्हा?

(ज्ञातिमंडळाच्या मानवत येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनात एखादा जुना शिक्षक बोलावयास उभा राहिला, म्हणजे तो शिक्षण, हुंडा अथवा संघटन यांपैकी एखाद्या विषयावर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. आम्ही आज चेहऱ्यास लावावयाच्या द्रव्यांविषयी बोलणार आहोत. हे ऐकून काही वडीलधाऱ्यांस हसू येईल. परंतु त्यांनी आपल्याच घरातील फडताळ एकवार उघडून पाहावे. औषधाच्या बाटल्यांशेजारी लहान लहान बाटल्यांची एक नवी रांग तेथे आढळेल. सीरम, बूस्टर, अँटिऑक्सिडंट अशी नावे त्यांवर असतात. या बाटल्या आता मानवतच्या गल्लीबोळांत घरपोच येतात. त्यांवरील मजकूर इंग्रजीत, वापरणारी मुलगी सोळा-अठरा वर्षांची आणि सल्ला देणारी व्यक्ती मोबाईलच्या पडद्यावरील, सर्वस्वी अनोळखी. घरातील कर्त्या मंडळींस यातील काहीच ठाऊक नसते. तेव्हा ही द्रव्ये काय करतात आणि ती किती वेळा लावावीत, एवढ्यापुरताच आमचा आजचा विषय आहे.

प्रथम अँटिऑक्सिडंट म्हणजे काय ते पाहू. वांगे चिरून ताटात ठेवले की थोड्याच वेळात काळे पडते. तेल उघडे राहिले की खवट होते. लोखंड गंजते. या सर्वांच्या मुळाशी हवेतील प्राणवायूची क्रिया असते. उन्हामुळे आपल्या त्वचेतही याच जातीची क्रिया चालते. तीमुळे त्वचेचे घटक झिजतात, सुरकुत्या व डाग पडतात. चिरलेल्या फळास लिंबू चोळले असता ते लवकर काळे पडत नाही, हे गृहिणींस ठाऊक आहे. लिंबातील आम्ल आणि 'क' जीवनसत्त्व ती क्रिया रोखतात. अशा रोखणाऱ्या द्रव्यांस अँटिऑक्सिडंट म्हणतात. 'क' आणि 'ई' ही जीवनसत्त्वे त्यांत प्रमुख होत. हळदीतील पिवळे द्रव्यही त्याच वर्गात मोडते. 'क' जीवनसत्त्वाच्या शोधाशी निगडित संशोधनाबद्दल हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांस १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बूस्टर म्हणजे अशाच एखाद्या द्रव्याचा तीव्र अर्क. तो नित्याच्या मलमात मिसळून अथवा त्याखाली लावतात.

हा विचार आपणांस परका नाही. वाग्भटाने दिनचर्येत अभ्यंग सांगितला आणि तेथेच, कफाचा विकार व अजीर्ण असणाऱ्यांनी तो करू नये, असेही बजावले. कोणी, केव्हा व किती, हा विवेक त्या शास्त्रातच आहे. नरकचतुर्दशीचे उटणे, लग्नातील हळद ही आपल्या घरांतील परंपरा आहे. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथाधार पुढे ठेवून ते १९९७ साली रद्द करविले. यास्तव या द्रव्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो मात्रेचा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. 'क' जीवनसत्त्वाचे सीरम दिवसातून किती वेळा लावावे? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे डॉ. शेल्डन पिनेल व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. मनुष्याच्या त्वचेशी पुष्कळ साम्य असलेल्या डुकराच्या त्वचेवर ते केलेले होते. त्यांतून तीन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली, द्रावणातील जीवनसत्त्वाचे प्रमाण शेकडा २० पर्यंत वाढविले तोवर त्वचेत ते अधिक मुरले. त्यापुढे प्रमाण वाढवून लाभ झाला नाही. दुसरी, रोज एकदा याप्रमाणे तीन दिवस लावल्यावर त्वचेतील साठा पूर्ण भरला. तिसरी, त्या साठ्याचा निम्मा भाग नाहीसा होण्यास सुमारे चार दिवस लागले.

याचा व्यावहारिक अर्थ काय? रांजण भरला असता वरून ओतलेले पाणी अंगणात वाहून जाते. तद्वत् रोज सकाळी एकदा, चेहरा व मान मिळून चार-पाच थेंब पुरे होतात. दिवसातून तीन वेळा लावणारी मुलगी तिप्पट उजळ होत नाही. बाटली मात्र तिप्पट लवकर संपते. तसेच एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावण्याचे कारण नाही.

सकाळचीच वेळ का? ऊन दिवसा असते म्हणून. क्रम असा ठेवावा : साध्या पाण्याने अथवा सौम्य साबणाने तोंड धुवावे, ते कोरडे करावे, मग सीरम, ते मुरल्यावर साधे स्निग्ध मलम आणि शेवटी उन्हापासून रक्षण करणारे सनस्क्रीन. हे शेवटचे द्रव्य मात्र दिवसातून एकदा लावून भागत नाही. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी आणि घाम आल्यावर किंवा तोंड धुतल्यावर ते पुन्हा लावावे लागते. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे.

उन्हापासून रक्षण हे किती महत्त्वाचे आहे, याचा एक बोधप्रद दाखला ऑस्ट्रेलियातील नॅम्बर या गावचा आहे. तेथे १९९२ ते १९९६ या काळात लोकांचे गट पाडून प्रयोग झाला. काहींस सनस्क्रीन रोज लावावयास सांगितले, काहींस मन मानेल तेव्हा. शिवाय काहींस बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या. साडेचार वर्षांनंतर पाहता, रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवर वार्धक्याच्या खुणा दुसऱ्या गटापेक्षा शेकडा २४ ने कमी दिसल्या. गोळ्यांचा मात्र एकंदरीत काही परिणाम आढळला नाही. या निष्कर्षांचे प्रकाशन २०१३ साली झाले. नेमाने केलेली साधी गोष्ट महागड्या गोष्टीहून अधिक फळते, असा हा धडा आहे.

आमच्या मराठवाड्यात मे महिन्याचा पारा चाळिसाच्या पुढे जातो. कपाशीच्या रानात खुरपणीला आणि वेचणीला जाणाऱ्या भगिनींस दर दोन तासांनी मलम लावा असे सांगणे हे त्यांची चेष्टा केल्यासारखे होईल. त्यांनी मोठा रुमाल, रुंद पदर, लांब बाह्यांचा सदरा वापरावा आणि दुपारचे भर उन्हाचे तास शक्य तेवढे टाळावेत. हेच त्यांचे सनस्क्रीन होय आणि त्यास पैसा पडत नाही.

बाटलीविषयीही दोन शब्द. 'क' जीवनसत्त्व उजेडाने, हवेने व उष्णतेने बिघडते. आपल्याकडील उन्हाळ्यात खिडकीत किंवा पत्र्याखालच्या न्हाणीघरात ठेवलेली बाटली लवकर निकामी होते. ती घट्ट बुचाची, गडद रंगाची असावी आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. आतील द्रव तपकिरी झाला तर तो टाकून द्यावा. त्या द्रवाने गुण येत नाही आणि दाहाचा संभव वाढतो.

'अ' जीवनसत्त्वाच्या वर्गातील रेटिनॉल नावाचे द्रव्य रात्री लावावयाचे असते. त्याचा आरंभ आठवड्यातून दोन रात्रींनी करावा आणि सोसेल तसे वाढवावे. गर्भवती स्त्रियांनी, तसेच ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलण्याची आशा आहे त्यांनी ते वर्ज्य करावे. उटणे आठवड्यातून एकदोनदा पुरे; तेही घासून नव्हे, अलगद. कोणतेही नवीन द्रव्य प्रथम कोपराच्या आतील बाजूस दोन-तीन दिवस लावून पाहावे. खाज वा लाली आली तर ते चेहऱ्यास लावू नये. एका वेळी एकच नवीन द्रव्य आणावे, म्हणजे गुण-दोष कोणाचा ते कळते. लिंबाचा रस चेहऱ्यास चोळून उन्हात जाणे तर सर्वथा टाळावे. त्याने त्वचा भाजल्यासारखी होते व काळे डाग राहतात. शाळकरी मुलामुलींस यांपैकी कोणत्याच अर्काची आवश्यकता नाही. स्वच्छ पाणी आणि डोक्यावर सावली त्यांस पुष्कळ झाली.

गुण दिसण्यास किती अवधी लागतो, असे आपण विचाराल. त्वचेचा वरचा थर तरुणपणी सुमारे चार आठवड्यांत नवा होतो. वय वाढेल तसा तो काळ वाढतो. यास्तव दोन-तीन महिने नेमाने केल्यावाचून निकाल पाहू नये. बी पेरून तिसऱ्या दिवशी माती उकरून पाहणारा शेतकरी आपण शहाणा म्हणत नाही.

बंधुभगिनींनो, येथपर्यंतचे विवेचन निरुपद्रवी आहे. यापुढील मात्र गंभीरपणे ऐकावे. मात्रा का चुकते? हिशेब ठाऊक नसतो म्हणून चुकते, हे खरे. परंतु त्याहून अधिक ती घाईमुळे चुकते. 'पाहुणे पंधरा दिवसांनी येणार आहेत' असे घरात ठरले की दिवसातून एकदा लावावयाचे द्रव्य चार वेळा लागते, एकाचे तीन अर्क होतात आणि कोणीतरी सांगितलेले 'हमखास गोरे करणारे' मलम घरात येते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेचा धर्म असा की, तिला दाह झाला असता ती दाहाच्या जागी काळी पडते आणि तो डाग महिनोन् महिने जात नाही. म्हणजे ज्या गोष्टीचे भय, तीच अतिरेकाने ओढवते.

याहूनही वाईट घडते. पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. ते काही रोगांवर वैद्याच्या देखरेखीखाली उत्तम औषध आहे. परंतु गोरे होण्यासाठी चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि मलम थांबविताच आग होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या विकारांचे २९२६ रुग्ण तपासले. त्यांपैकी ४३३ जण असे मलम लावीत होते. सरकारने २०१८ साली अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा निर्बंध घातला.

दुसरा शत्रू पारा. विदर्भातील अकोल्याच्या एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी मूळ शोधले, ते चेहऱ्यास लावावयाच्या मलमातील पाऱ्यापाशी जाऊन पोचले. २०२३ च्या प्रारंभी हे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले. पारा त्वचेतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडास बाधा करतो. आपल्या देशाच्या २०२० च्या नियमांनुसार गोरे करणाऱ्या मलमांत पारा घालता येत नाही. म्हणून ज्या डबीवर घटकांची नावे नाहीत, बनविणाऱ्याचा पत्ता व परवान्याचा क्रमांक नाही, ती डबी घरात येऊ देऊ नये. आठ दिवसांत रंग उजळला, तर आनंद मानण्याऐवजी त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे.

आणि आता ज्ञातिमंडळास एक नम्र विनंती. त्वचेतील सावळा रंग ही निसर्गाने दिलेली छत्रीच आहे. उन्हाचा काही मारा ती स्वतःवर झेलते. ही छत्री आपण मुलींच्या डोक्यावरून ओढून काढू पाहतो आणि मग बाटलीतून दुसरी विकत आणतो. अनेक ठिकाणच्या वधूवर-सूचींत शिक्षणाच्या व उंचीच्या रकान्याशेजारी वर्णाचा रकाना असतो. त्या एका रकान्यापायी किती मुली रात्री दार लावून चेहरा जाळून घेत असतील, याचा विचार कर्त्या पुरुषांनी करावा. आपल्या सूचीतून तो रकाना काढून टाकावा, अशी सूचना आम्ही अध्यक्षमहाशयांपुढे ठेवीत आहोत. तसेच वराच्या मातापित्यांनी 'मुलगी गोरी हवी' हे वाक्य उच्चारू नये. त्या वाक्याची मात्रा शून्य असावी.

मातांनी मुलींच्या बाटल्या फेकून देऊ नयेत, रागावू नये. शेजारी बसून वेष्टनावरील मजकूर मुलीकडूनच वाचवून घ्यावा व विचारावे : हे काय आहे, किती लावतेस, कशासाठी? यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जर 'मला उन्हाचा त्रास होतो' असे आले, तर आम्ही सांगितलेला नेम तिला सांगावा. ते उत्तर 'मी काळी आहे' असे आले, तर बाटली बाजूस ठेवून तिला जवळ घ्यावे. त्या दुखण्यावर लेप नाही.