शोभेची दारू
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आणि त्यानंतर हातात पुस्तकापेक्षा लाटणेच अधिक राहिले. तरी चिटणीसबाईंनी आग्रह धरला, की बैठकीत जे अर्धवट बोललात ते सभेत पुरे बोला. बैठकीत झाले ते असे. वर्धापनदिनाच्या समारोपाला मैदानावर थोडी शोभेची दारू उडवावी, अशी सूचना आपल्या तरुण सुनांनी मांडली आणि मी एकदम "नको" म्हणाले. का नको, हे मात्र मला सांगता येईना. घरी गेल्यावर मनाशी विचार केला, थोडे वाचले, थोडे मुलीकडून वाचून घेतले. तेव्हा ध्यानात आले, की बैठकीत मी बोललेच नव्हते, माझी भीती बोलली होती. ती भीती कसली आणि ती कशी ओसरली, तेच आज सांगते.

आधी एक खुलासा. दारू म्हटले की आपल्यापैकी कित्येक जणींच्या कपाळाला आठी पडते, आणि ती का पडते हे मी सांगावयास नको. परंतु बंदुकीच्या दारूलाही आपल्याकडे दारूच म्हणतात. तीच दारू नुसती शोभेसाठी उडविली की ती शोभेची दारू. ही दारू घरे बसवीत नाही, घरातल्या माणसांना अंगणात आणते.

मी ती पहिल्यांदा पाहिली सोलापूरला. माझे माहेर लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. मावशी सोलापूरची. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला तिने आम्हांला बोलाविले. १९८८ चा जानेवारी, मी पहिलीत होते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीच्या रात्री, होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. वडिलांनी मला खांद्यावर घेतले होते. आभाळात एक ठिणगी चढत गेली, क्षणभर काहीच झाले नाही, आणि मग लाल-हिरवे एवढे मोठे फूल उमलले, की मी वडिलांचे केस दोन्ही मुठींनी ओढले. ते ओरडले नाहीत. त्यांचेही तोंड वरच होते. तिकीट नाही, खुर्ची नाही, गरीब-श्रीमंत नाही. मळ्यातला गडी आणि मोटारीतला शेठ दोघांना सारखेच दिसते. या खेळाची पहिली गोडी मला यातच वाटते.

हा खेळ आपल्याकडे आजचा नव्हे. बंदुकीची दारू शोधली ती चीन देशातल्या लोकांनी, हजार वर्षांपूर्वी. तेथून ती हळूहळू आपल्या देशात आली. १४४३ मध्ये विजयनगरला आलेला अब्दुर रझाक नावाचा इराणी वकील तेथल्या उत्सवातील दारूकाम पाहून चकित झाला होता. आपल्या मराठवाड्यातला पुरावा तर घरचाच आहे. पैठणच्या नाथमहाराजांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नात दारूकामाचे वर्णन येते. कृष्णाच्या काळी दारू कोठली? पण सोळाव्या शतकात नाथांनी आपल्या भोवतीच्या लग्नांत जे पाहिले असेल, तेच देवाच्या लग्नाला दिले. आपण नाही का देवाला आपल्या घरचा नैवेद्य दाखवीत? पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वान प. कृ. गोडे यांनी अशा नोंदी जुन्या ग्रंथांतून वेचून एकत्र केल्या. आपल्यासारख्यांवर त्यांचे मोठे उपकार आहेत.

त्यांनी दाखविलेली एक हकीकत मला फार आवडली. ती पेशव्यांच्या बखरीतली आहे. महादजी शिंदे १७९२ मध्ये उत्तरेकडून पुण्यास आले. तरुण सवाई माधवरावांना त्यांनी कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकविले. तेथला राजा दारूची लंका करतो, दारूचा रावण, दारूचे राक्षस, दारूचा हनुमंत. हनुमंताच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडतो आणि साऱ्या लंकेला आग लावतो! पेशव्यांनी हट्ट धरला, आम्हांलाही दाखवा. मग महादजींनी दारूवाले जमविले, काही दिवस खपून लंका उभी केली, आणि अंधाऱ्या रात्री पर्वतीच्या पायथ्याशी ती सर्वांना दाखविली. नुसते बार उडविणे निराळे आणि दारूने गोष्ट सांगणे निराळे. मारुतीची गोष्ट साऱ्या पुण्याला पाठ होती, तरी अग्नीने लिहिलेली ती गोष्ट पाहण्यास लोक लोटले असतील.

आता सातासमुद्रापलीकडे चला. माझी भाची अमेरिकेत असते. तिने फोनवर डिस्नेलँडचे दारूकाम पाठविले. कॅलिफोर्नियातील हे गोष्टींचे नगर वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ मध्ये उघडले. अशा ठिकाणाला थीम पार्क म्हणतात. आपल्याकडे गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये निघाले आणि २०२२ मध्ये बंद झाले. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मधले. डिस्नेलँडमध्ये लोक दिवसभर हिंडत आणि संध्याकाळ झाली की घरी निघत. त्यांनी रात्रीपर्यंत थांबावे, जेवणखाण तेथेच करावे, म्हणून १९५६ च्या उन्हाळ्यात तेथे दारूकाम सुरू झाले. म्हणजे त्यात धंद्याचे डोके होतेच. आपल्या जत्रेतले हलवाई रात्रीच्या दारूकामाची वाट पाहत बसतात, तसेच ते. तेथे पहिले डोके चालले असेही नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या टिव्होली बागेत १८४३ पासून आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६५ पासून लोक दारूकाम पाहण्यास जमत होते.

डिस्नेलँडमध्ये १९६१ पासून दारूकामाच्या आरंभी एक परी आभाळातून उडत येते. पहिल्यांदा ती कोण झाली होती, ठाऊक आहे? टायनी क्लाइन नावाची, पूर्वी सर्कशीत काम केलेली बाई. तिचे वय त्या वेळी सत्तर होते! उंच डोंगराच्या देखाव्यावरून तारेला लटकून ती रोज रात्री खाली येत असे. आपल्याकडे पन्नाशी उलटली की गुडघ्याला हात लावून "आता आमचे काय राहिले" म्हणणाऱ्या भगिनींनी ही बाई लक्षात ठेवावी.

फोनवरचे ते दारूकाम पाहताना मला पर्वतीचा हनुमंत आठवला. तेथेही दारू गोष्टच सांगते, राजवाडा, राजकन्या, उडणारी परी. गाण्याच्या ठेक्यावर बाण सुटतात. फरक इतकाच, की पर्वतीच्या लंकेला हाताने बत्ती दिली जाई आणि तेथे यंत्र देते. २००४ पासून तेथे काही गोळे दारूऐवजी दाबलेल्या हवेने वर फेकतात, म्हणजे धूर कमी. तेव्हा थीम पार्कचे दारूकाम हे काही परके नवल नव्हे. आपल्या जत्रेचेच ते पलीकडचे भावंड आहे.

मग मी "नको" का म्हणाले? ते सांगावयाचे राहिले आहे.

१९९३ च्या सप्टेंबरात मी सातवीत होते. २९ तारखेला अनंत चतुर्दशी. गावात गणपती वाजतगाजत गेला. पोरांनी सुतळी बॉम्ब, तोटे, सारे उडविले. आम्ही दमून उशिरा निजलो. उकडत होते, म्हणून मी व आई अंगणात आणि आजी व धाकटा भाऊ आत माळवदाखाली. वडील शेतावर होते. पहाटे चारला चार-पाच मिनिटे कमी असताना मोठा आवाज झाला. मी झोपेतच म्हणाले, "अजून फटाके उडवतेत बघ." ते माझे शब्द मला आजही ऐकू येतात. तो फटाका नव्हता. किल्लारीचा भूकंप होता. पुढचे तुम्हांला माहीत आहे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडामातीखाली गेली. त्यांत आमची आजी आणि आमचा बाळू गेला. शाळा गेली ती माझ्यापुरती कायमची गेली. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. त्या वर्षी दिवाळीत आमच्याकडे कोणी फुलबाजीसुद्धा पेटविली नाही. आईने एकच पणती लावली आणि तिच्यापुढे बसून राहिली.

पुढे लग्न होऊन मी नांदेडला आले. सासर हौशी. दिवाळी आली, की दारात तडतड सुरू होई आणि मी कानांत कापूस घालून माजघरात बसे. सासूबाईंनी एकदा कारण विचारले. मी सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पुढल्या वर्षीपासून त्या माझ्याजवळ माजघरात येऊन बसू लागल्या. सासू कशी असावी, ते मी त्यांच्याकडून शिकले. लेकरे मात्र हट्ट करीत. त्यांना मी गोविंदबागेत कारंजे आणि प्रकाशाचा खेळ दाखविण्यास नेत असे. तेथे उजेड आहे पण धडाका नाही, म्हणून मला ते बरे वाटे.

२०१३ मध्ये मुलगी पहिलीत गेली आणि मावशीने पुन्हा गड्ड्याला बोलाविले. मुलीचा हट्ट मोडवेना. किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर मी उभी होते, पण डोळे मिटून. मावशी म्हातारी झाली होती. तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "बाई, डोळे उघड. आधी उजेड दिसतो, मग आवाज येतो. उजेड दिसला की कानावर हात ठेव." मी डोळे उघडले. खरेच तसे होते. वर फूल उमले, मी कान झाकी, मग धडाका येई. दहा-बारा वेळा असे केल्यावर हात आपोआप खाली आले. शाळेत असताना शिकलेच होते की, उजेड पोहोचतो लगेच आणि आवाजाला एक किलोमीटर यावयास तीन सेकंद लागतात. परंतु त्या रात्री ते अंगाला कळले. भूकंप सांगून आला नाही. हा आवाज सांगून येतो. मुलगी खांद्यावरून माझे केस ओढीत होती.

भगिनींनो, शोभेच्या दारूची गोडी कशात आहे, याचे माझ्या अल्प बुद्धीला सापडलेले उत्तर हे. विस्तव आणि गडगडाट या दोन्ही भिण्याच्याच गोष्टी. परंतु वेळ सांगून, अंतर राखून आणि चार माणसांत उभे राहून पाहिल्या, तर त्याच भीतीचा आनंद होतो. सोलापूरला हेच आहे, डिस्नेलँडला हेच आहे, पर्वतीच्या पायथ्यालाही हेच असणार. यांतली एक गोष्ट जरी सुटली, तरी आनंदाची पुन्हा भीती होते. वरातीत भर रस्त्यावर, पाळण्यातल्या लेकराच्या खिडकीखाली, मध्यरात्री बार उडविणे ही शोभा नव्हे. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके उडवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितले आहे.

आणखी एक गोष्ट विसरू नये. आभाळातले ते फूल कोणाच्या तरी हाताने भरलेले असते. कागदाच्या गोळ्यात दारूच्या लहान गोळ्या लाडवासारख्या वळून ठेवतात. स्ट्राँशियमच्या क्षाराने लाल, बेरियमने हिरवा, तांब्याने निळा रंग येतो, आणि निळा साधणे सर्वांत कठीण असते. ही दारू शिवकाशीला होते, तशी आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुक्यातील तेरखेड्यालाही होते. तेथे आपल्यासारख्याच बायका हे काम करतात. तेथल्या स्फोटांच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. वर पाहून "अहाहा" म्हणताना एकदा त्या हातांचीही आठवण व्हावी.

आता माझी सूचना. दारूकाम करावे. मात्र परवाना असलेल्या माणसाकडूनच करावे, दहा मिनिटांचे आणि रंगाचे, धडाक्याचे नव्हे. रात्री नऊच्या आत संपवावे. मैदानात दोरी बांधून लेकरांना मागे ठेवावे, पाण्याची पिंपे आणि वाळूच्या बादल्या भरून ठेवाव्यात. आदल्या दिवशी गल्लीत घरोघर जाऊन वेळ सांगून यावी. आजारी माणसे, बाळंतिणी, म्हातारी माणसे, यांना आधी कळू द्यावे. हे घरोघर सांगण्याचे काम मी माझ्याकडे घेते. कोणाच्या घरी माझ्यासारखी एखादी माजघरात बसत असेल, तर तिला हाताला धरून मी मैदानावर आणीन आणि मावशीने मला सांगितले तेच तिला सांगेन. तिला नकोच वाटले, तर मी तिच्याजवळ बसेन.