आधी हिशेब, मग खिडकी



स्वागताध्यक्ष म्हणजे मांडवाचा खर्च उचलणारा माणूस, असा आपल्याकडे समज आहे. माझ्याकडे पेन्शनीपलीकडे काही नाही, हे स्वागत समितीला ठाऊक होते. तरी तिने मलाच उभे केले. ‘जन्मभर कचेरीचा हिशेब ठेवलात, आता आमचाही ठेवा,’ असे मंडळी म्हणाली. तेव्हा स्वागताच्या चार शब्दांत थोडा हिशेब डोकावला, तर चालवून घ्यावे.

आपण जमलो आहोत ते गाव कालपरवापर्यंत अहमदनगर होते, आता अहिल्यानगर झाले. आमच्या तोंडी अजून नुसते नगर. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने इथे काम सुरू केले. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक इथूनच निघाले. सिंथिया फरार या बाईंनी मुलींना शिकवण्यात आयुष्य घालवले आणि याच गावात देह ठेवला. त्यांची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. असे हे गाव आपले स्वागत करत आहे.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या संसाराची कित्येक वर्षेही नगरचीच. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षे त्या दूर राहिल्या. परत आल्या तरी सोवळे सोडले नाही. माणसामाणसांतली शिवाशीव देवाने घातलेली नाही, हे त्यांचे त्यांना पटले तेव्हा ती सुटली, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याकडूनसुद्धा त्यांनी विश्वास उसना घेतला नाही. आपल्यातल्या बहुतेकांना तो आजोबा-पणजोबांकडून आयता मिळाला आहे. वारसाहक्काने मिळालेली जमीनही कसल्याशिवाय पीक देत नाही, एवढेच म्हणतो.

आपल्या अधिवेशनाचा विषय आहे ‘निर्भय विश्वास आणि रोजचे जगणे’. निर्भय म्हटले की संडेस्कूलपासून आपल्याला दानिएल आठवतो, आणि दानिएल म्हटला की सिंह. पण दानिएलाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय हिशेबनिसाच्या नजरेने वाचून पाहा. सिंहांच्या आधी त्यात दफ्तर आहे. दानिएलाचे वैरी प्रथम त्याच्या कारभारात खोट शोधतात. ती सापडत नाही, म्हणून नाइलाजाने त्याच्या प्रार्थनेवर येतात. आणि प्रार्थनेला राजाची मनाई झाल्यावर दानिएल नवे काय करतो? काहीच नाही. यरुशलेमेकडची खिडकी रोज उघडी असायची, ती त्या दिवशीही उघडी राहते. दिवसातून तीनदा टेकणारे गुडघे त्या दिवशीही टेकतात. मला त्याचे धैर्य त्या ‘रोज’मध्ये दिसते. आधी हिशेब चोख, मग खिडकी उघडी. आपण पुष्कळदा उलटे करतो: खिडकी सताड उघडी आणि वह्या कुलपात.

हे मी दुसऱ्यांना ऐकवत नाही. एका सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत मी तेहतीस वर्षे काढली. टेबलाच्या काचेखाली क्रूसाचे चित्र होते. एका मार्चअखेरीस रस्त्याच्या कामाचे एक बिल माझ्यापुढे आले. मोजमाप पुस्तकातली लांबी आणि प्रत्यक्ष रस्ता यांचा मेळ नव्हता; तो रस्ता माझ्या जाण्यायेण्याचाच होता. मी सही केली नाही. पण आक्षेपही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्याचे कळवून किरकोळ रजा टाकली. माझ्या जागी बसलेल्या पोराने सही केली, बिल पास झाले. माझे हात स्वच्छ राहिले, असे मी स्वतःला सांगत होतो. त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेत आईने विचारले, ‘पोट कसं आहे रे?’ मला तोंड वर करता आले नाही.

पुढच्या वर्षी तसेच बिल आले, तेव्हा मी शेरा लिहिला: ‘मोजमाप जुळत नाही, फेरतपासणी व्हावी.’ लिहिताना हात कापत होता. दोन महिन्यांत बदली झाली, तीन वर्षे घरापासून लांब खोली करून राहिलो. त्यात शौर्य वगैरे काही नव्हते. फक्त रात्रीची प्रार्थना पुन्हा जमू लागली.

अशी रोजची चिकाटी पाहायची असेल तर केडगाव इथून फार लांब नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या शेकडो मुली तिथे आणल्या, त्यांच्या हाताला काम दिले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्यासाठी त्या वर्षानुवर्षे झटल्या. त्यांच्या मुक्तिसदन आश्रमाच्या छापखान्यात त्याच मुलींनी खिळे जुळवले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी रमाबाईंचे ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. एकेक खिळा उचलून ओळ भरायची, ओळीने पान भरायचे. विश्वासाचे जगणे मला त्या खिळेजुळणीसारखे वाटते.

तरुण मित्रांना एक सांगणे आहे. शेजाऱ्याच्या श्रद्धेला कमी लेखण्यात धैर्य नाही, आणि आपले नाव-आडनाव चोरून सांगण्यात शहाणपण नाही. कोणी विचारले तर सरळ सांगा, कोणी न विचारता आजारी पडले तर डबा घेऊन जा.

आता व्यवस्थेचे. मांडव साधा आहे, पंखे मोजके आहेत, रात्रीच्या जेवणात हुलग्याची शेंगोळी आहे. बाहेरगावच्या पाहुण्यांची सोय मंडळीतल्या घरांतून केली आहे. कुठे गादी पातळ निघाली तर तो दोष माझा समजावा. जमाखर्चाची वही दारातल्या टेबलावर दोन्ही दिवस उघडी राहील. कोणीही पाहावी, चूक दिसली तर सर्वांदेखत सांगावी.

अधिवेशन रविवारी संध्याकाळी संपेल. सोमवारी आपण कोणी दुकानात, कोणी वर्गात, कोणी वॉर्डात, कोणी शेतात असू. जी वही उघडायला आपण टाळत आलो, ती त्या दिवशी उघडावी, एवढी विनंती करतो आणि नगरकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करतो. सलाम.