घरकुलाचा पैसा आणि आपली महापालिका
(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘घरकुल कधी मिळणार?’ हा प्रश्न आपल्या सातपूरमध्ये प्रत्येकजण विचारतो. ‘त्या घरकुलाचा पैसा कोण देणार?’ हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आम्ही बँकेत आकड्यांशी खेळणारी माणसे. म्हणून आज या दुसऱ्या प्रश्नावरच बोलणार आहोत.

बाबासाहेब आणि माता रमाई यांनी संसाराची बरीच वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत काढली. ती चाळ कोणा शेटजींच्या दानातून उभी राहिली नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार मंडळ स्थापन झाले, त्याने ती बांधली; आणि १९३३ मध्ये ते मंडळ मुंबई महापालिकेत विलीन झाले. तेव्हा सार्वजनिक पैशातून गरिबाला घर देणे ही भीक नव्हे. शहराचे ते जुने कर्तव्य आहे.

घटनेनेही हे कर्तव्य मान्य केले आहे. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. झोपडपट्टी सुधारणा, नागरी दारिद्र्य निर्मूलन आणि दुर्बल घटकांचे हितरक्षण हे विषय तिच्यात आहेत. काम आले; पण कामाबरोबर तेवढा पैसा आला काय?

आपल्याकडे औद्योगिक वसाहत आली आणि तिच्यामागे खेड्यापाड्यांतून माणसे आली. १९८२ मध्ये नाशिक महापालिका झाली, तीत सातपूर सामील झाले. गृहनिर्माण मंडळाची वसाहत आणि सिडकोच्या सहा योजना यांत कायम पगारदारांची सोय झाली. ज्यांची झाली नाही, ते स्वारबाबानगर, कांबळेवाडी, संतोषी मातानगर अशा वस्त्यांत राहिले.

२००५ मध्ये जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले व नाशिकची त्यात निवड झाली. आपल्या शेजारचे चुंचाळ्याचे घरकुल त्यातलेच. नाशिकएवढ्या शहराला त्यात निम्मा खर्च केंद्र देई. उरलेला निम्मा राज्य, महापालिका आणि लाभार्थी यांचा. लाभार्थ्याचा वाटा किमान १२ टक्के, अनुसूचित जाती-जमाती व इतर दुर्बलांसाठी १० टक्के. म्हणजे महापालिकेलाही स्वतःच्या खिशात हात घालावा लागत होता. तरीही मंजूर झाली तेवढी घरे बांधून झाली नाहीत.

२०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली. तिच्या घरकुलांना केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. मात्र महापालिकेने ठरावीक रोख वाटा दिलाच पाहिजे, असे बंधन त्यात राहिले नाही. उरलेली रक्कम लाभार्थ्याने भरावयाची, म्हणजे बहुधा कर्ज काढावयाचे. पाच लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर महिना सुमारे ४,५०० रुपये हप्ता बसतो. एकूण फेड सुमारे १० लाख ८० हजार! आणि कर्ज देताना बँक पगारपत्रक मागते. कंत्राटी कामगाराने ते कोठून आणावे?

अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे. शहरात तिचेही अनुदान अडीच लाख. पण स्वतःची जागा असेल तर! ज्याच्या पायाखालची जमीनच कागदावर दुसऱ्याची, त्याच्यापर्यंत रमाईच्या नावाचे अनुदान पोहोचत नाही.

तर बंधूंनो, तीन ठिकाणी पैसा अडतो. पहिले, जमीन. दुसरे, लाभार्थ्याचा वाटा. तिसरे, घर मिळाल्यानंतरची देखभाल. चौथ्या मजल्यावरील म्हातारीला पाणी कोण चढविणार? जिना कोण झाडणार, गटार कोण उपसणार? जवळ अंगणवाडी आणि बस नसेल तर माणसे घराला कुलूप लावून पुन्हा जुन्या जागी येतात. दिल्ली-मुंबईचा पैसा मुख्यतः भिंतीसाठी येतो. या तीन गोष्टींसाठी महापालिकेनेच दरवर्षी स्वतःच्या उत्पन्नातून रक्कम काढली पाहिजे. हे अशक्य नाही. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराने १९२३ मध्ये खास घरबांधणी कर बसविला, मोठ्या घरांना जास्त व लहानांना कमी. आणि १९३४ पर्यंत कामगारांसाठी ६० हजारांवर घरे बांधली.

आता आपण काय करावयाचे? आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायी समितीकडे व तेथून महासभेकडे जाते. विद्यार्थी मित्रांनो, ते पुस्तक मिळवा आणि दुर्बल घटकांचे पान उघडा. तेथे दोन आकडे पाहा: गेल्या वर्षीची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च. मंजूर झालेले कर्ज म्हणजे हातात आलेले पैसे नव्हेत, हे बँकेत रोज दिसते. तसेच तरतूद म्हणजे खर्च नव्हे. फरक का पडला, हे प्रभाग समितीत विचारा. उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच.

आणि माता-भगिनींनो, जुने कागद टाकू नका. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला संरक्षण आहे. त्यानंतरच्या, २०११ पर्यंतच्या झोपड्यांसाठी सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे. मतदार यादीचा उतारा, विजेचे बिल, रेशनकार्ड हीच तुमची ठेव. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा.

बाबासाहेबांनी शिका म्हटले. त्या शिक्षणात अंदाजपत्रक वाचणेही आले. आपल्या मंडळाने दरवर्षी मार्च महिन्यात एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवावी, एवढी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

जय भीम!