बिऱ्हाड कोठे करावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे चिटणीसबाईंनी नाव पुकारले तेव्हा मी पदर सावरीत मागच्या मागे निघून जाण्याच्या बेतात होते. पण त्या म्हणाल्या, “तुम्ही दोनदा बिऱ्हाड हलविले. एकदा चुकलात, एकदा सावरलात. तेवढेच सांगा.” तेवढेच सांगण्यासाठी मी उभी आहे. आपल्या मंडळातल्या तीन घरी यंदा मुलांना परगावी नोकऱ्या लागल्या आहेत. पेढे वाटून झाले, आता बिऱ्हाडाची शोधाशोध चालू आहे. त्यांच्या उपयोगी पडले तर मला समाधान वाटेल.

आम्ही मूळ मिरजेकडचे. आमचे हे फिटर. २०१४ साली यांना घाटकोपरच्या बाजूला नवी नोकरी मिळाली. पगार गावच्यापेक्षा बरा होता. आठ दिवसांत हजर व्हायचे होते. चुलतदीर आधीपासून मुंबईत. त्यांनी व यांनी मिळून एका दुपारी खोली ठरविली. ती कल्याणच्या पुढे, कर्जत मार्गावरच्या एका गावाबाहेर होती. इमारत नवी, भिंती पांढऱ्याशुभ्र, भाडे साडेचार हजार. डोंबिवलीत तशाच खोलीला तेव्हा सात हजार सांगत होते. महिना अडीच हजार वाचणार म्हणून सगळे खूश झाले. मीही झाले. त्या गावाचे नाव मी घेत नाही, कारण दोष गावाचा नव्हता. तेथे आजही कितीतरी कुटुंबे सुखाने नांदत आहेत. दोष आमच्या घाईचा होता.

पहिल्या महिन्यातच उमजले. स्टेशन तीन किलोमीटरवर. हे पहाटे पावणेसहाला निघत आणि रात्री साडेनऊला परत येत. कल्याणला रेल्वेमार्गाला फाटा फुटतो, एक कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे. म्हणून कल्याणपर्यंत जितक्या गाड्या, तितक्या पुढे नसतात. एक गाडी चुकली की पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडायचे. धाकटा तीन वर्षांचा होता. तो उठण्याआधी वडील गेलेले आणि तो झोपल्यावर आलेले. एका रविवारी यांनी त्याला उचलून घेतले, तर तो माझ्याकडे हात पसरून रडू लागला. हे काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी ताटावरून अर्धपोटी उठले.

मुलगी चौथीत होती. जुन्या शाळेकडून दाखला यायला उशीर झाला, म्हणून इकडच्या शाळेने तिला दोन महिने बसवून घेतले नाही. मला त्यातले काही कळत नव्हते. मी रोज जाऊन हात जोडून उभी राहायची. पुढे एका मास्तरांनी सांगितले, की २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे मुलाला सरकारी वा अनुदानित शाळेत बदली घेण्याचा हक्क आहे, आणि दाखल्याला उशीर झाला एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही. हे आधी ठाऊक असते तर पोरीचे दोन महिने वाया गेले नसते. भगिनींनो, हे लक्षात ठेवा आणि दुसऱ्यांना सांगा.

पण सर्वांत जास्त हाल झाले ते सासूबाईंचे. गावी त्यांचा दिवस ओसरीवर जायचा. येणारा जाणारा दोन शब्द बोलायचा. इथे तिसरा मजला, लिफ्ट महिन्यातून पंधरा दिवस बंद, खाली उतरले तर बसायला कट्टा नाही, देऊळ नाही, ओळखीचे तोंड नाही. चार महिने त्यांनी काढले. दिवाळी झाल्यावर एके रात्री पिशवी भरून बसल्या आणि यांना म्हणाल्या, “बाळा, मला गावाकडं सोड. हितं दिवस जात न्हाई.” हे त्यांना सोडून आले. गावी त्या एकट्या राहू लागल्या. लोक विचारीत, मुलाने आईला का नेले नाही? आम्ही काय उत्तर देणार!

त्या हिवाळ्यात मी एक वही घेतली आणि हिशेब मांडला. यांची शेअर रिक्षा रोजची तीस रुपये, महिन्याच्या सव्वीस दिवसांचे सातशे ऐंशी. मुलीच्या शाळेची गाडी नऊशे. पिण्याच्या पाण्याचे व टँकरच्या वर्गणीचे मिळून चारशे. झाले दोन हजार ऐंशी. अडीच हजार वाचणार होते, त्यातले शिल्लक राहिले चारशेवीस! आकडा पाहून आम्ही दोघेही हसलो. पण हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आले. एवढ्यासाठी आई गावी गेली होती आणि लेकरू बापाला ओळखत नव्हते.

यांनी विचारले, “तू तेव्हाच का नाही बोललीस?” मी म्हटले, “मला विचारले कोणी?” मग क्षणभराने मलाच वाटले, की विचारले नाही हे खरे, पण मीही तोंड उघडले नव्हते. घर पाहायला मला न्या, एवढे तरी म्हणता आले असते. नोकरीला जाणारा माणूस घरात जागेपणी चार-पाच तास असतो, उरलेला दिवस काढायचा असतो बायकांनी, मुलांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी. मग घर पसंत कोणी करावयाचे? माझ्या भाषणातला मुख्य मुद्दा हाच आहे. बाकीचे सारे त्याच्या मागून येते.

नंतर आम्ही तीन रविवार व एक शनिवार घरे पाहत फिरलो. या वेळी मी पुढे आणि हे मागे! त्या फिरण्यात जे शिकले ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, अंतर किलोमीटरांत मोजू नये, घड्याळाने मोजावे. घराच्या उंबऱ्यापासून कामाच्या फाटकापर्यंत किती वेळ लागतो, तो कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी स्वतः जाऊन पाहावा. दलाल “स्टेशनपासून दहा मिनिटे” म्हणतो, पण ती दहा मिनिटे कोणाच्या पायांची, हे तो सांगत नाही. कडेवर मूल आणि हातात भाजीची पिशवी घेऊन चालून पाहा.

दुसरी गोष्ट, जागा तीन वेळा पाहावी. पहाटे पाणी येते त्या वेळी, दुपारी शाळा सुटते त्या वेळी आणि रात्री नऊनंतर. पहाटे नळाला धार किती ते दिसते. दुपारी मुले रस्ता कशी ओलांडतात ते दिसते. रात्री दिवे लागतात का, उशिरा कामावरून येणाऱ्या मुली निर्धास्तपणे चालतात का, तेही दिसते. ज्या रस्त्याने बायका रात्री एकट्या चालतात, तो मोहल्ला चांगला समजावा.

तिसरी गोष्ट, चौकशी पिठाच्या गिरणीवर करावी. मालक घराचे गुण सांगतो, गिरणीत दळणाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका खरे सांगतात. पाणी किती वेळ येते, रात्रीबेरात्री दार उघडणारा डॉक्टर कोणता, कोणत्या शाळेत मास्तर खरोखर शिकवितात, सारे तेथे कळते.

चौथी गोष्ट पावसाची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ज्या वस्तीत जावयाचे, तेथल्या जुन्या माणसांना विचारा, त्या दिवशी येथे पाणी कोठवर आले होते? ते हाताने भिंतीवर खूण दाखवितात. २७ जुलै २०१९ ला बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि शेकडो उतारूंना बाहेर काढावे लागले. आमच्या मिरजेकडे जाणारीच ती गाडी, म्हणून त्या दिवशी घरोघर फोन चालू होते. नदीकाठची जागा उन्हाळ्यात फार रम्य दिसते, म्हणून ती पावसाळ्यात पाहावी.

पाचवी गोष्ट शाळेची. लहान मुलांची शाळा चालत जाण्याजोगी असावी. कायद्यानेही पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असे शेजारचे अंतर धरले आहे. लांबच्या नामांकित शाळेपेक्षा जवळची प्रामाणिक शाळा बरी. प्रवासाने दमलेले मूल घरी येऊन काय अभ्यास करणार?

सहावी गोष्ट कागदाची. भाड्याचा करार लेखी असावा व त्याची नोंदणी व्हावी. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तसे बंधन आहे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. “घरचेच आहोत, कागद कशाला?” असे कोणी म्हणाले तर अधिक सावध व्हावे. आणि नव्या गावात पोहोचताच घर विकत घेऊ नये. निदान एक पावसाळा भाड्याने राहून पाहावे. नवी नोकरी आपल्याला मानवते का, हेही तोवर कळते. पुढे नव्या इमारतीत घर घ्यावयाचे झाले, तर २०१७ पासून महारेराकडे प्रकल्पाची नोंद पाहता येते, ती पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. रेशनकार्डाचीही आता पूर्वीइतकी काळजी नाही. एक देश एक रेशनकार्ड योजनेमुळे दुसऱ्या गावीही आपले धान्य उचलता येते.

अशी पारख करून २०१५ च्या मे महिन्यात आम्ही इथे, डोंबिवलीत आलो. खोली आधीच्यापेक्षा लहान आणि भाडे जास्त. पण हे सव्वासातला घरी येऊ लागले. इमारतीखाली कट्टा होता. मी आधी एकटी जाऊन त्या कट्ट्यावर तासभर बसून आले होते. तेथे दोन आजीबाई येऊन बसल्या आणि मला विचारू लागल्या, “कोणाकडे आलात?” त्याच क्षणी मी मनाशी ठरविले, की सासूबाईंना इथे करमेल. गणपतीला त्या आल्या, त्या पुन्हा गेल्या नाहीत. आज त्यांना सारी गल्ली ओळखते, मला मात्र “आजींची सून” म्हणून ओळखतात!

आपले गाव निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. सकाळच्या गाडीची गर्दी आपण जाणतो. २०१६ व २०२४ या दोन्ही वर्षी मे महिन्यात इथल्या औद्योगिक भागात स्फोट झाले, माणसे दगावली, दूरदूरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. म्हणून आणखी एक गोष्ट वहीत लिहा. घराभोवती कोणते कारखाने आहेत व ते किती अंतरावर आहेत, हे विचारल्याशिवाय जागा घेऊ नका.

भगिनींनो, चांगली वस्ती आयती मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. मंडळाच्या वाचनालयामुळे मला थोडे वाचनाचे वेड लागले आहे. त्यात वाचले, की १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि मोकळ्या हवेसाठी दादर-माटुंग्याची नवी वस्ती आखली गेली. विलेपार्ल्याला १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय निघाले, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ निघाला. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. आपल्या डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली, आता ती गावोगावी निघते. ही कामे कोणा बिल्डरने केली नाहीत. त्या त्या वेळी तेथे राहावयास आलेल्या, तुमच्या-आमच्यासारख्या माणसांनी त्यातली पुष्कळशी केली. म्हणूनच नवे कुटुंब तेथे आले की त्याला परके वाटत नाही.

सगळ्यांनाच निवड करता येते असे नाही. भाड्याचा आकडा पाहून पुष्कळांना मन मारावे लागते. अशांना मी नावे ठेवणार नाही. पण जे नाइलाजाने लांब राहावयास जातात, त्यांना शेजार तरी चांगला मिळावा. आमच्या पहिल्या बिऱ्हाडी कोणी एक बाई जिना चढून येऊन “आजी, खाली चला” म्हणाली असती, तर कदाचित सासूबाई गावी गेल्या नसत्या. मी कोणाला दोष देत नाही. ती बाई मी होऊ शकते, एवढेच मला त्यातून कळले.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या भागात नवे बिऱ्हाड आले, की आठ दिवसांच्या आत मंडळाच्या दोघीजणींनी त्या घरी जावे. पाण्याची वेळ, शाळांची नावे, रात्रीचा डॉक्टर, गिरणी आणि दूधवाला एवढे एका कागदावर लिहून द्यावे. घरात म्हातारे माणूस असेल, तर त्याला कट्ट्यापर्यंत हात धरून न्यावे. यास वर्गणी लागणार नाही, लागेल ती दुपारची अर्धी तास झोप! ती आपण देऊ.

माझी मुलगी आता पदवीधर झाली. उद्या तिलाही नोकरीसाठी परगावी जावे लागेल. ती जुनी वही मी तिच्यासाठी जपून ठेवली आहे. तीत शेवटच्या पानावर एकच ओळ लिहिली आहे, “घर पाहायला घरातल्या सर्वांना घेऊन जा.”