काळोखातील रेषा

पेटते कोलीत काळोखात गरगर फिरवले की अग्नीचे अखंड कडे दिसते. वास्तविक तेथे कडे नसतेच. असतो तो एक निखारा आणि त्याला फिरवणारा हात. गौडपादाचार्यांनी माण्डूक्यकारिकांच्या चौथ्या प्रकरणात या अलातचक्राचा दृष्टान्त घेतला आणि त्या प्रकरणास ‘अलातशान्ती’ हेच नाव पडले. आचार्यांचा रोख अर्थातच तत्त्वविचाराकडे होता. दृष्टीचा तोच भ्रम हाताशी धरून 1990 नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांतील तरुणांनी एक नृत्य उभे केले. कोलिताच्या जागी त्यांच्या हाती आली ती ग्लोस्टिक, म्हणजे थंड उजेडाची कांडी.

ही कांडी म्हणजे प्लॅस्टिकची बंद नळी. नृत्यात वापरतात ती बहुधा चार ते सहा इंचांची असते. आत एक रासायनिक द्रावण व रंगद्रव्य, आणि त्यात बुडालेली पातळ काचेची कुपी. कुपीत हायड्रोजन पेरॉक्साइड. नळी वाकवली की कुपी फुटते, दोन्ही द्रव मिसळतात आणि ज्वालेवाचून उजेड पडू लागतो. या जातीच्या प्रकाशाविषयीचे संशोधन अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या एडविन चँड्रॉस यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकन सायनामिड कंपनीत मायकेल राउहट व त्यांचे सहकारी यांनी तो प्रकाश व्यवहारात उपयोगी पडण्याइतका तेजस्वी केला. ऊब दिली तर कांडी अधिक प्रखर होते, पण लवकर विझते. थंडीत ठेवली तर मंदावते आणि पुरवून पुरवून जळते. एकदा पेटली की मात्र ती पूर्ववत करता येत नाही.

रात्रभर यांत्रिक संगीतावर नाचण्याच्या ‘रेव्ह’ नावाच्या मेळाव्यांत या कांड्यांचे दोन पंथ झाले. एक पंथ कांडी दोरीला बांधून फिरवतो. न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या ‘पोई’ नृत्याशी त्याचे साम्य उघड आहे. दुसरा पंथ दोरी टाकून देतो आणि कांडी नुसत्या हातात धरतो. त्याला ‘फ्रीहँड’ म्हणतात.

या मेळाव्यांत मादक द्रव्यांचा सुळसुळाट होता हे खोटे नाही, आणि त्याचा डाग कांडीलाही लागला. न्यू ऑर्लिन्स येथील एका नाट्यगृहासंबंधीच्या खटल्यात 2001 साली तडजोड झाली, तीत ग्लोस्टिक बाळगण्यासही मनाई झाली. काही कलावंतांनी केंद्रीय न्यायालयात दाद मागितली आणि 2002 मध्ये न्यायालयाने ही बंदी अंमलात आणण्यास मनाई केली. काठीने कोणी डोके फोडले म्हणून लाठीचा आखाडा बंद करावा, तशातलाच तो प्रकार होता.

परंतु कांडी हाती घेऊन हवेत हात झाडले म्हणजे नृत्य होत नाही, आणि नवशिक्याचे पहिले महिने बहुधा या झाडण्यातच जातात. जितका वेग अधिक तितकी प्रकाशाची रेघ लांब, असा त्याचा हिशेब असतो. हिशेब चूक नाही, पण अपुरा आहे. डोळ्यांत प्रकाशाचा ठसा सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टिकतो; तेवढ्या अवधीत दोरीची कांडी मोठा पल्ला गाठते, नुसता हात गाठू शकत नाही. फ्रीहँडमध्ये प्रेक्षकाला दिसतो तो वर्तुळाचा एक तुकडा. बाकीचे वर्तुळ तो मनात पुरे करतो. हात वाटेत अडखळला, कोपराला हिसका बसला, तर ते मनातले वर्तुळ तेथेच तुटते. म्हणून येथे वेगाहून रेघेची स्वच्छता मोलाची.

ती स्वच्छता कशी यावी? मूठ आवळली तर उजेडच झाकला जातो. म्हणून कांडी बोटांत सैल धरावी लागते. मग एकाच हाताने छातीसमोर आडवा आठ काढावयाचा, आणि तोही इंग्रजी आठ, मराठी नव्हे. हा आठ म्हणजे या विद्येची बाराखडी होय. तो मनगटापासून निघतो, कोपर त्याला पुढे नेते, खांदा मात्र सैल राहतो. एका हाताचा आठ झोपेतही चुकणार नाही असा झाला की दुसरा हात त्याच वाटेने, अर्धे अंतर मागे ठेवून, सोडावयाचा. येथे पुष्कळजण थकतात. उजवा हात वळला की डावाही त्याच्यासारखा वळू पाहतो, दोन्ही कांड्या एकमेकींवर आदळतात, आणि शेजारी कोणी असलाच तर त्याच्या नाकालाही प्रसाद मिळतो. हात एकामागून एक एकाच अदृश्य वाटेने वाहू लागले की पाहणाऱ्याला दोन कांड्या दिसेनाशा होतात. एकच धार वाहत असल्याचा भास होतो. त्यानंतर तळव्याआड कांडी लपवून रेघ मध्येच तोडणे आणि भलत्याच ठिकाणी ती पुन्हा उगवणे, हे खरे चमत्काराचे काम.

याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. नाचणारा आपली रेघ मागून पाहतो, प्रेक्षक समोरून. त्याला स्वतःला वाटोळे वाटलेले वर्तुळ मनगट कलल्यामुळे समोरून चपटे, क्वचित नुसती आडवी काडी दिसते. म्हणूनच जाणते लोक शिकवताना आधी दिवे लावतात, न पेटलेली कांडी देतात आणि आरशापुढे उभे करतात. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांत दोन्ही टोके पेटवलेली बनेटी फिरवतात, तेथेही नुसत्या काठीवर हात बसल्यावाचून पोत्याला आग कोण देईल? आरशानंतर कॅमेरा. त्याचे झाकण काही सेकंद उघडे ठेवून काळोखात छायाचित्र घेतले की हाताची सगळी वाट कागदावर उमटते, आणि कोठे गाठ पडली, कोठे कोन निघाला, हे लपत नाही. आपले पहिले छायाचित्र पाहून खट्टू न झालेला नवशिका विरळाच.

अलीकडे विजेच्या चिमुकल्या दिव्यांचे हातमोजे आले आहेत. ते पुन्हा पुन्हा वापरता येतात आणि प्लॅस्टिकचा कचराही कमी होतो. तरीही काहींचा जीव जुन्या कांडीवरच आहे. पहाटे मेळावा उठतो तेव्हा ती पुष्कळदा पूर्ण विझलेली नसते. दुसऱ्या रात्री खोलीच्या खिडक्या बंद करून, डोळ्यांना काळोखाची सवय होऊ दिली, की तिचा फिकट हिरवा उजेड सरावाला पुरतो, आणि त्या उजेडात हात हळू चालवावा लागतो.